घरच्यांना नेमायचं नाही

आमच्या मराठी मंडळाची घटना दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुसरं कोणी घेईना. मी ऑडिटमधला माणूस. बायको पुण्यात तिच्या आजारी वडिलांपाशी, मुलगी शिकायला मेलबर्नला. इथे सिंगापूरला, यिशुनच्या फ्लॅटमध्ये मी एकटा, वेळच वेळ.

मंडळात नेमणुका बैठकीच्या शेवटी होत, चहा आल्यावर. कोणीतरी म्हणे, "वहिनी करतील की!" सगळे हसत, आणि इतिवृत्तात ‘एकमताने’ असं लिहिलं जाई. ते काम आणखी कोणाला हवं होतं का, हे कोणी विचारत नसे. रविवारच्या मराठी शाळेचं प्रमुखपद असंच दिलेलं होतं. त्या वहिनी मंडळाच्या सचिवाच्या पत्नी, आणि सचिव माझा इथला एकमेव मित्र. शनिवारचा माझा नाश्ता त्यांच्याकडेच असे.

मी मसुद्यात लिहिलं: कार्यकारिणीतल्या कोणाच्याही घरच्या व्यक्तीला मंडळाच्या कामावर नेमू नये, प्रत्येक जागेसाठी सभासदांकडून अर्ज मागवावेत. सभेआधी त्या दोघांना सांगायला हवं, म्हणून शनिवारी पोह्यांची ताटली हातात असतानाच वाचून दाखवलं.

वहिनींनी गॅस बंद केला. "म्हणजे भावजी, आम्ही चोर?"

"तू नाहीस गं, चोर मी," मित्र हसत म्हणाला. "तुला नेमलं कोणी? मीच ना!"

"मी एक डॉलर तरी घेते का?"

"प्रश्न पैशाचा नाही," मी म्हणालो. "निवडणारा आणि निवडलेला एका घरातले नसावेत, एवढंच."

"मग आत्ता जे आहेत ते राहू देत, नवीन लोकांपासून नियम लागू, असं एक वाक्य घाला. तेवढं तर कराल?"

तेवढं मला करता आलं असतं. पण सध्या तशी नेमणूक एकच होती, म्हणजे नियमातून तेवढीच सुटली असती. मी नाही म्हणालो. मित्र खाली बघून पोहे खात राहिला.

सर्वसाधारण सभा कम्युनिटी क्लबच्या खोलीत होती. सूचक मी. अध्यक्षांनी विचारलं, "अनुमोदक?" कोणी हात वर करेना. सगळ्यांच्या नजरा वहिनींकडे, वहिनींची खिडकीकडे. शेवटी मित्राने हात वर केला. "माझं अनुमोदन लिहा," तो म्हणाला. ठराव मंजूर झाला. त्याच बैठकीत त्याने सचिवपद सोडलं, वहिनींना अर्ज करता यावा म्हणून. वहिनींनी अर्ज केला नाही. विद्यापीठात संशोधन करणाऱ्या एका मुलीने केला. तिची मुलाखत घेतली, तिला नेमलं, आणि ती चांगलं शिकवते.

त्यानंतरच्या शनिवारी मी गेलो. पोहे झाले, क्रिकेटवर बोलणं झालं, शाळेचं नाव कोणी काढलं नाही. पुढच्या शनिवारी त्याचा मेसेज आला, बाहेर जातोय. मग त्याच्या पुढच्या शनिवारीही. मग मी विचारणं बंद केलं, आणि खालच्या हॉकर सेंटरमधल्या एका खाण्याच्या स्टॉलवर टोस्ट खायला लागलो. तिथे चार खुर्च्यांच्या टेबलावर एकटा माणूस बसला की लोक येऊन विचारतात, इथे कोणी आहे का. मी नाही म्हणतो, ते खुर्ची घेऊन जातात.

गेल्या महिन्यात एमआरटी स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर वहिनी दिसल्या. मी वर चाललो होतो, त्या खाली. "कसे आहात?" त्यांनी विचारलं. भावजी म्हणाल्या नाहीत. मग जरा मागे वळून म्हणाल्या, "या ना एकदा घरी. येण्याआधी फोन करा म्हणजे झालं."

"हो, करतो," मी म्हणालो. तोवर त्या खाली पोचल्या होत्या.

फोन अजून केलेला नाही. केला तर वहिनी नीट करतील सगळं, बशीत बिस्किटंही मांडतील. पाहुण्यांसाठी त्या नेहमीच मांडत.