पेटंट घ्यावं, पण हळदीकुंकवाच्या आधी

या जगातली प्रत्येक वस्तू चुकीची बनवलेली आहे आणि ती दुरुस्त करायचं काम देवाने एकट्या आमच्या साडूंवर सोपवलेलं आहे. हे माझं मत नव्हे, त्यांचं आहे. पण गेली पंचवीस वर्षं ते इतक्या खात्रीने सांगताहेत की आता आमच्या घरात त्यावर वाद होत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मी त्यांना भाऊ म्हणतो. इतर लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, भाऊ स्क्रू ड्रायव्हर ठेवतात. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पानं वाढून झाली तरी हे गृहस्थ स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर आमचा मिक्सर मांडून बसले होते. चटणी त्या दिवशी झाली नाही. मिक्सर मात्र अजून चालतोय, हे कबूल केलं पाहिजे. फक्त तो एकवर आणि दोनवर चालत नाही, थेट तीनवर सुरू होतो. भाऊंच्या मते एक आणि दोनची मुळात गरजच नव्हती.

बरं, दुरुस्ती फक्त नातेवाइकांपुरती असती तर सोसली असती. एकदा सुके बोंबील घ्यायला आम्ही दोघे उत्तनला गेलो. तिथे किनाऱ्यावर काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते. भाऊंनी बोट ओलं करून वारा बघितला, मान हलवली, आणि एका काठीची दिशा बदलायला घेतली. ज्यांची काठी होती त्या बाई टोपली खाली ठेवून समोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काका, वारा कुठला हाय ते आमाला ठाव हाय. तुमी बोंबील घ्या नि जा." मी शरमेने मेलो. भाऊ रिक्षात बसल्यावर म्हणाले, "बाई हुशार आहे. पण काठी चुकीची आहे."

या माणसाला एकच दुःख होतं. ते भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात फोरमन होते. तिथल्या पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये कामगारांची बोटं चेपायची. भाऊंनी तीन महिने खपून एक अडसर बसवला. हात आत असला की प्रेस खालीच यायचा नाही. शेठ खूश झाले. मशीनवर पितळेची पट्टी लागली, हार घातला गेला, पेढे वाटले गेले. पट्टीवर नाव शेठच्या मुलाचं होतं. तो त्या वर्षी नुकताच कॉलेजातून आला होता. भाऊ निवृत्त होईपर्यंत रोज त्या पट्टीसमोर उभे राहून काम करत राहिले आणि तिला पॉलिशही त्यांनीच केलं, कारण पितळ काळं पडलेलं त्यांना बघवत नाही. तेव्हापासून एकच ध्यास होता: एक तरी कागद असा हवा ज्यावर 'शोध लावणारा' म्हणून आपलं नाव लिहिलेलं असेल. आणि तो कागद म्हणजे पेटंट.

शोध लागला तो पाण्याचा. आमच्या मीरा रोडला पाणी कधी येईल हे पाण्यालाही माहीत नसतं. ताई, म्हणजे माझ्या मेव्हणी, नळ उघडा ठेवून खाली बादली लावायच्या आणि डोळा लागला की घराचं तळं व्हायचं. भाऊंच्या लक्षात आलं की पाणी येण्याआधी नळातून हवा येते. त्यांनी नळाच्या तोंडावर बसणारं एक प्लास्टिकचं टोपण बनवलं, त्यात एक शिट्टी. हवा आली की शिट्टी वाजणार, बाई उठणार, टोपण काढून बादली लावणार. ना बॅटरी, ना वायर. आता मी काही सहजासहजी कौतुक करणारा माणूस नाही, पण पहिल्यांदा ती शिट्टी वाजली तेव्हा माझ्या तोंडून "वा रे पठ्ठ्या!" निघून गेलं, तेही वयाने मोठ्या साडूला.

त्यानंतर जी गुप्तता सुरू झाली ती काय सांगू! शिट्टी टॉवेलात गुंडाळून देव्हाऱ्यामागे. फोनवर तिचं नाव घ्यायचं नाही, 'ती वस्तू' म्हणायचं. तिसऱ्या मजल्यावर एक इंजिनिअर राहतो, तो नुसता सोसायटीच्या मेंटेनन्सबद्दल बोलायला आला तरी भाऊ आधी नळावर फडका टाकायचे आणि मग दार उघडायचे. मला तर गणपतीच्या फोटोवर हात ठेवायला लावला. मी कंपनीत परचेसला आहे, माल कसा विकला जातो ते जरा कळतं मला. म्हटलं, "भाऊ, उद्या कोणी नक्कल केली तर तुम्ही काय घरोघरी नळ तपासत फिरणार? आपल्यासारख्या एकट्या माणसाला पेटंट परवडत नाही. मोठ्या कंपन्यांचे खेळ ते." भाऊ माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "तुला विकायचं सुचतंय. मला नाव लावायचंय."

अखेर अंधेरीला एका पेटंट एजंट बाईंकडे आम्ही गेलो. तरुण होत्या, मराठी होत्या आणि मला अपेक्षा नव्हती इतक्या सरळ होत्या. म्हणाल्या, "काका, आधीच सांगते. पेटंट मिळालं म्हणजे नक्कल करणाऱ्याला पकडायला कोणी पोलीस येत नाही, कोर्टात तुम्हालाच जावं लागतं. पण एखाद्या कारखानदाराकडे वस्तू घेऊन जाणार असाल तर हातात कागद हवा. नाहीतर तो सगळं ऐकून घेतो आणि चहा पाजून परत पाठवतो." भाऊंनी विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. मग बाईंनी वही उघडली. "ही वस्तू आजवर कोणाला दाखवली आहे का? अर्ज करण्याआधी चारचौघांत गेली असेल तर ती नवीन राहत नाही."

"छे छे!" भाऊ म्हणाले. "बाहेरच्या चिटपाखरालाही नाही. फक्त घरगुती."

"घरगुती म्हणजे?"

"म्हणजे संक्रांतीला हिने वाण म्हणून वाटली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मी टेबलाखालून भाऊंच्या पायावर पाय दिला, तर हे मोठ्याने म्हणाले, "पाय का देतोस रे?" बाईंनी हळूच विचारलं, "किती जणींना?" भाऊंनी छाती फुगवून सांगितलं, "साठ-सत्तर असतील. अख्ख्या पूनम सागर सोसायटीतल्या येतात आमच्याकडे. सगळ्या शिट्ट्या मी हाताने बनवल्या. समोरच्या गुजराती वहिनी तर म्हणाल्या, भाभी, ये तो एकदम मस्त आयटम है, मेरी ननद के लिए भी दो!"

तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरपासून फडक्याखाली लपवलेली वस्तू त्याच्याच बायकोच्या ओटीत हळदीकुंकू लावून घातली होती! आणि भाऊंच्या मनात ती बाहेर गेलेलीच नव्हती. हळदीकुंकू म्हणजे घरचं कार्य, त्याला पुरुषमाणसाने हिशेबात कशाला धरायचं? बाईंना हसू आवरत नव्हतं आणि वाईटही वाटत होतं. म्हणाल्या, "काका, सरकारने नेमलेल्या प्रदर्शनात मांडली असती तर वर्षभराची सवलत मिळाली असती. हळदीकुंकू त्यात बसत नाही हो." मी पडेल आवाजात सुचवलं की वाणाचं लिहूच नये, कोण बघायला येतंय? बाई काही बोलायच्या आत भाऊ उठले. "नाही. माझ्या नावाच्या कागदावर खोटं नको," म्हणाले, आणि टॉवेलाची घडी घालू लागले. ती घडी त्यांना तीनदा घालावी लागली. मला फार वाईट वाटलं.

घरी ताईंना रडू फुटलं. "माझंच चुकलं. मलाच मेलीला मिरवायची हौस," असं म्हणत त्या पदराने डोळे पुसत होत्या. भाऊ म्हणाले, "अगं, तू वाटल्यास म्हणून वाजल्या तरी. माझ्याकडे देव्हाऱ्यामागे काय वाजणार होत्या?" आणि लगेच त्यांच्या गॅसचं बटण उघडून बसले. भाऊंचं मत आजही बदललेलं नाही. कोणी विचारलं, न विचारलं, ते ठासून सांगतात, "एकट्या माणसाने पेटंट घ्यावंच घ्यावं. फक्त हळदीकुंकवाच्या आधी."

सहा महिन्यांत ती शिट्टी स्टेशनाबाहेर हातगाडीवर आली. लाल, हिरवी, पिवळी. माझं डोकंच फिरलं. मी गाडीवाल्याशी भांडायला पुढे झालो, तर भाऊंनी एक विकत घेतली, डोळ्याजवळ धरली आणि त्याला म्हणाले, "इसका छेद बडा हो गया है. माल जहाँ से लाते हो, उनको बोलो, आधा कम करो." त्याने मान डोलावली. पुढच्या वेळी आला तो माल बरोबर होता, हे भाऊंनीच मला आनंदाने सांगितलं. अशा माणसाशी काय बोलायचं?

परवा आम्ही दोघे सिल्व्हर पार्कला माझ्या ऑफिसातल्या एका मित्राकडे सत्यनारायणाच्या तीर्थप्रसादाला गेलो होतो. प्रसादाचा द्रोण हातात असतानाच आतून शिट्टी वाजली. मित्राची बायको धावली. मित्र भाऊंना कौतुकाने समजावू लागला, "काका, हे बघितलंत का? पाण्याचं वजन पडलं की वाजते." सपशेल चुकीचं! भाऊ शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "कोणी काढलं हो हे?"

"काय माहीत? चायनाचं असेल."

मी तोंड उघडलं तेवढ्यात भाऊंनी माझा हात दाबला. चांगला जोरात दाबला. आम्ही प्रसाद संपवला, नमस्कार केला, निघालो. रिक्षात बसल्यावर भाऊंनी स्क्रू ड्रायव्हर खिशातून काढला, पुन्हा ठेवला. पूनम सागरच्या कोपऱ्यावर आलो तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू सांगितलं असतंस ना, तरी मी काही रागावलो नसतो."

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, वापस घुमा लो. जहाँ से बैठे थे, वहीं."

भाऊंनी शर्टाची कॉलर नीट केली.