भोंग्याची शेवटची हाक

दिनकर अतिग्रे कूस बदलतो, उशीची गार बाजू गालाखाली घेतो आणि ठरवतो की आता झोपायचंच. फौंड्रीतली तिसरी पाळी करून आलेल्या माणसाला सकाळी साडेदहाला झोप लागायला अडचण नसावी. पण झोप दारापर्यंत येते आणि परत फिरते. कारण मघाशी त्याच दारात सर्जेराव साळोखे उभा होता, मुंडण केलेला, अनवाणी.

"काका, कावळा शिवंना झालाय," तो म्हणाला होता. "आज बाचा दहावा. आईला अंतर देणार न्हाई म्हटलं, म्हशी विकणार न्हाई म्हटलं, सगळं बोलून झालं. शेवटी आईच म्हणाली, दिनकरला बोलवा. त्याच्यातच जीव अडकलाय ह्यांचा."

"माझा काय संबंध?" असं म्हणून दिनकरनं दार लोटून घेतलं होतं.

संबंध होता, आणि अख्ख्या कोल्हापूरला तो माहीत होता. सर्जेरावचा बाप मारुती साळोखे म्हणजे फुटबॉलच्या मैदानावरचा भोंगा. खालच्या पेठेचा हा गडी पॅव्हेलियनच्या टोकाला बसायचा आणि वरच्या पेठेच्या खेळाडूंची अशी सालटी काढायचा, की निम्मे लोक खेळ बघायला यायचे आणि निम्मे त्याला ऐकायला. मॅचच्या आधी न्हाव्याकडं, दूधकट्ट्यावर बसून तो चौकशा करायचा. कुणाची सोयरीक मोडली, कुणी सासऱ्याचा मार खाल्ला, खेळ संपेपर्यंत सगळं चव्हाट्यावर. वरच्या पेठेचा गोलकीपर दिनकर. त्याच्यासाठी मात्र एकच आरोळी राखून ठेवलेली. "दिनकऱ्या, आई बोलवायल्या! भाकरी गार व्हायल्या!" सहा वर्षं, प्रत्येक मॅचला.

मग एकतीस वर्षांपूर्वीची ती फायनल. दिनकरच्या आईच्या छातीत कळ आली, ती त्याचंच नाव घ्यायला लागली, आणि दिनकरचे दाजी मैदानाकडं पळाले. गर्दीतून आत शिरता येईना. समोर भोंगा दिसला, तेव्हा दाजींनी त्याचे पाय धरले. तुमचाच आवाज पोचंल, म्हणाले. भोंग्यानं हाक मारली. टायब्रेकर चालू होता. दिनकर गेला नाही. त्यानं दोन गोल अडवले, कप जिंकून दिला, आणि गुलालानं माखलेल्या तोंडानं घरी पोचला तेव्हा आईला जमिनीवर घेतलं होतं.

"मला वाटलं, नेहमीसारखा चिडवायलाय," दिनकर म्हणाला. कुणाला खोटं वाटणार? दोन्ही पेठांनी खापर भोंग्याच्या माथी फोडलं. त्या दिवसानंतर तो मैदानावर दिसला नाही, आणि त्याचा चढा आवाज परत कुणी ऐकला नाही.

पंखा फिरतोय. स्वयंपाकघरात दिनकरची बायको शालन भाकरी थापतेय. थापण्याचा आवाज दुरून येतो, मग जवळून, मग चारी बाजूंनी, आणि आता त्या टाळ्या आहेत.

दिनकर पाणी प्यायला उठतो तर शेगडीच्या जागी गोलपोस्ट आहे. जाळीवर आईची लुगडी वाळत घातलीत. पायाखालची फरशी ओली होते, तिचं गवत होतं, मग गवत जाऊन घाटाच्या पायऱ्या होतात. पायऱ्यांवर माणसं बसलीत, पार वरपर्यंत, सगळ्यांची मुंडणं झालेली. हात हलतायत, पण टाळ्यांचा आवाज आता येत नाही. टोकाला मारुती साळोखे बसलाय, त्याच मळक्या बंडीत, काहीतरी चघळत.

"बस," तो म्हणतो. आवाज इतका बारीक की दिनकरला कान पुढं न्यावा लागतो.

"आण्णा, तुम्ही गेलासा न्हवं?"

"दहा दिस झालं. बस की."

दिनकर बसतो. पायरी गार आहे.

"काय खायलासा?"

"ज्येष्ठमध. घशाला बरं." बंडीच्या खिशातून भोंगा काडी काढतो, तिचा तुकडा मोडून दिनकरच्या हातावर ठेवतो. "चघळ. तुला वरडायचंय."

"कुणाला?"

भोंगा खाली बोट दाखवतो. खाली, दोन खांबांच्या मधोमध, पंचवीस वर्षांचा दिनकर उभा आहे. हातात मोजे, कपाळावर घाम. त्याच्या मागं जुन्या घराचं दार सताड उघडं, आत बाज, बाजेवर आई. तिचे ओठ हलतायत. काहीच ऐकू येत नाही.

"आण्णा, तुम्हीच मारा हाक. मला जमायचं न्हाई."

"माझा आवाज त्या दिवशीच संपला, बाबा. तू मार."

दिनकरच्या तोंडात गोड रस सुटतो आणि घशातून, बेंबीच्या देठापासून, हाक निघते. "दिनकर! आई बोलवायल्या! घरला जा!"

खालचा पोरगेला गोलकीपर वर बघतो. नेहमीसारखा हसायला लागतो. मग त्याचं हसू थांबतं. तो मागं वळून घराच्या दाराकडं बघतो, पुन्हा वर बघतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर सगळं लख्ख उमटतं. त्याला कळलंय. इतक्या लांबूनही दिसतंय की त्याला कळलंय. मग तो मोज्यांवर थुंकतो, हात चोळतो, आणि बॉलकडं डोळे लावून वाकून उभा राहतो.

"बघितलास?" भोंगा म्हणतो. "एकतीस वर्षं मला रोज हेच दिसायचं."

दिनकरला लाज वाटते, अंगावरची कातडी काढून ठेवावी इतकी.

"त्या दिवशी तुम्ही भाकरी म्हणला न्हाईसा," तो म्हणतो. "तेवढ्यावरनंच मी वळखलं."

"असल्या वक्ताला भाकरी कोण म्हणंल?"

"मग सांगितला का न्हाईसा कुणाला? ह्यानं वळखलं होतं म्हणून?"

"कोण ऐकणार? सहा वर्षं खोट्या हाका मीच मारलेल्या." भोंगा काडी थुंकतो. "आता तू सांग. घाटावर. पोरगं उन्हात उभं हाय."

"काय सांगू?"

"मला ऐकू आलतं, म्हण. एवढंच."

पिंडाशेजारच्या दगडावर एक कावळा मान तिरकी करून बसलाय. कुठून तरी एक बाई दिनकरला हाक मारतेय. "येतो," दिनकर म्हणतो. पुन्हा हाक येते. "आलो, आलो." तो पायऱ्या उतरायला लागतो. उतरतो, उतरतो, आणि नदी काही येत नाही.

डोळे उघडतात. ऊन उंबऱ्यावरून आत सरकलंय. शालन कॉटच्या कडेला उभी आहे.

"एक वाजला. किती हाका मारल्या तुम्हास्नी! सर्जेराव परत आलता. येतो म्हणालासा, आलो म्हणालासा, आणि भिंतीकडं तोंड करून घोराय लागलासा. तासभर थांबली माणसं घाटावर."

"मग?"

"मग काय करणार? दर्भाचा कावळा करून लावला पिंडाला. गेली सगळी घरला."

दिनकर उठून बसतो. दाताच्या फटीत काहीतरी टोचतंय. तो नखानं ओढून काढतो. पिवळट, चघळून चोथा झालेला एक धागा. घरात ज्येष्ठमध कधीच आणलेलं नाही.

"शालन, मला ऐकू आलतं."

"मग उठला का न्हाईसा?"

"आत्ताचं न्हवं. त्या फायनलला. आण्णांची हाक. ती खरी हाय, हे मला कळलं होतं."

पदराला पुसता पुसता शालनचे ओले हात तसेच राहतात. ती विचारते, "मग गेला का न्हाईसा?"

"टायब्रेकर चालू होता," दिनकर म्हणतो.

ती आत जाते. तळहातावरचा तो धागा दिनकर परत दातांखाली धरतो आणि चावून बघतो. त्यात काही गोडी उरलेली नाही.