पाण्यात उतरणारा बोल्ट

आमच्या गाडीचं वय विशीच्या पुढे आहे. ऑकलंडच्या हिल्सबरो भागातल्या आमच्या उतरत्या ड्राइव्हवेत ती उभी असते, आणि गेल्या हिवाळ्यापर्यंत तिच्याखाली कायम एक पुठ्ठा अंथरलेला असे. पुठ्ठा ऑइलने भिजला की मी नवा टाकायचो. गाडीची माझ्याकडून होणारी देखभाल एवढीच. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, हे इथेच सांगून टाकतो.

पुण्यात चार वर्षं शिकलो. वर्कशॉपच्या तासाला एक लोखंडी तुकडा कानस मारून चौकोनी करायचा होता, तो शेवटपर्यंत चौकोनी झाला नाही. थर्मोडायनॅमिक्समध्ये मात्र मी वर्गात पहिला आलो. आता ऑकलंडमधल्या एका ऑफिसात बसून मोठ्या इमारतींच्या पाइपांतून किती दाबाने किती पाणी वाहील याची गणितं करतो. ते पाइप प्रत्यक्षात कुठे गळतात, हे बघायला दुसरी माणसं असतात.

माझ्या वडिलांचं सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, गॅरेज होतं. चाळीस वर्षं त्यांनी जीपा आणि टेंपो दुरुस्त केले. मला मात्र त्यांनी गॅरेजच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. डबा घेऊन गेलो तर दारातच हातातून घ्यायचे. तुझं काम पुस्तकात, म्हणायचे. हाताला लागलेलं ऑइल जन्मभर जात नाही, असंही म्हणायचे, आणि त्यांची नखं बघता ते खोटं नव्हतं.

जूनमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, गाडी वॉरंटला नेली. इथे जुन्या गाडीला ठरावीक मुदतीने तपासून घेऊन फिटनेसचा कागद मिळवावा लागतो, त्याला सगळे वॉरंट म्हणतात. तपासणाऱ्याने बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि अगदी सौजन्याने मला नापास केलं. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या बोल्टांपाशी ऑइल झिरपून तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकत होतं. थांबवा आणि परत या, म्हणाला.

बायको म्हणाली, गॅरेजमध्ये टाकू या. मी म्हणालो, बोल्ट तर आवळायचेत. शनिवारी सकाळी मी एक व्हिडिओ अर्धा बघितला, पान्यांचा नवाकोरा सेट उघडला आणि झाकणाचे सगळे बोल्ट अंगातला जोर लावून पिळले. इंजिन सुरू करून बघतो तर आधी एका बाजूने गळणारं ऑइल आता दोन्ही बाजूंनी येत होतं.

इथे थांबायला हवं होतं. पण पाच-सहा तासांनी, जेवण झाल्यावर, इंजिन गार झालेलं बघून मी पुन्हा वाकलो, तर वॉटर पंपाजवळचा एक बोल्टही मला ओलसर दिसला. तो काढून, पुसून, परत लावावा असं ठरवलं. काढला. त्याच्या मागोमाग भोकातून इंजिन गार ठेवणारं हिरवं पाणी धारेने बाहेर आलं. मला सुचलं ते केलं. भोकात बोट घातलं.

धार थांबली. पण आता बोट काढता येईना आणि बोल्ट पायाशी घरंगळून गाडीखाली गेलेला. मी बायकोला हाक मारली. तिने माझ्याकडे आणि माझ्या बोटाकडे नीट बघितलं आणि दोन कामं केली. माझ्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावला, आणि कुंपणाशी जाऊन शेजारच्या बाईंना बोलावलं.

या बाई पंचाहत्तरीच्या, एकट्या राहतात. तीन वर्षांच्या शेजारात आमचं बोलणं हवा, कचऱ्याचे डबे आणि त्यांच्या झाडाची लिंबं यापलीकडे गेलं नव्हतं. त्या निवृत्त शिक्षिका असाव्यात, असं मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं होतं. भर थंडीत जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून त्या आल्या, इंजिनात डोकावल्या आणि कळलं की तीस वर्षं त्या बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडत होत्या.

तिकडे वडील सकाळचा चहा घेत होते. बायकोने फोन इंजिनावर धरला. त्यांनी कप खाली ठेवला.

"तो बोल्ट पाण्यात उतरतो," ते म्हणाले. "कोरडा लावलास तर पाणी आट्यांवरून चढून बाहेर येणार. कुणी काढायला सांगितला?"

त्याच वेळी बाईही मला तेच सांगत होत्या, की हा बोल्ट आरपार पाण्याच्या पोकळीत जातो आणि आट्यांना काही लावल्याशिवाय तो लावायचा नसतो. मी दोघांचं दोघांना भाषांतर करून सांगितलं. दोघांनी सहनशीलपणे ऐकून घेतलं.

पुढचा तासभर मी दुभाषा होतो. बाईंनी खाली बादली ठेवून माझं बोट सोडवलं. सगळं पाणी निथळू दिलं, गाडीखालून बोल्ट शोधला, तारेच्या ब्रशने त्याचे आटे घासले, भोकातले आटे पुसून कोरडे केले. इंजिनाच्या ज्या वरच्या झाकणाला वडील टॅपेट कव्हर म्हणत होते त्याला बाई रॉकर कव्हर म्हणत होत्या, आणि मॅन्युअलमध्ये त्याचं तिसरंच नाव होतं. तिन्ही एकच, हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. वडील म्हणाले, बोल्टला शेलॅक लाव म्हणावं. मी तोंड उघडायच्या आत बाई वळल्या. गळती रोखणाऱ्या लाखेच्या लेपाचा हा जुना शब्द त्यांनी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी खिशातली पांढऱ्या पेस्टची ट्यूब फोनसमोर धरली, आता हे मिळतं, म्हणाल्या. वडिलांनी मान डोलावली, आणि बाईंनी ती लावून बोल्ट जागी बसवला. या देवाणघेवाणीत माझी गरज पडली नाही.

वरच्या झाकणाचं कारण तर माझंच निघालं. आधीचं पॅकिंग वयोमानाने कडक झालं होतं, थोडं झिरपत होतं. मी जोर लावून ते पुरतं चिरडलं, आणि बोल्टांखालची रबरी वायसरंही. रविवारी आम्ही नवं पॅकिंग आणि नवी वायसरं आणली. बाईंनी पाना माझ्या हातात दिला. मधल्या बोल्टापासून सुरुवात, मग समोरासमोरचे, थोडे थोडे. मी जरा जोर लावला की त्या माझ्या मनगटावर बोट ठेवायच्या.

"आवळू नकोस," वडील फोनवरून म्हणाले. "नुसता बसव. तो बसला की हाताला कळतं."

दोनदा नाही कळलं. तिसऱ्यांदा कळलं, असं वाटतं.

पेस्ट सुकायला वेळ दिला, नवं कूलंट भरलं, गुरुवारी गाडी वॉरंटला नेली. पास झाली. त्या माणसाने विचारलं, कुठून करून घेतलंत? मी म्हणालो, घरीच. मी इंजिनिअर आहे. बायको खिडकीबाहेर बघत होती.

वडिलांना फोन करून सांगितलं. ते खूश झाले, बाईंना नमस्कार सांगायला विसरले नाहीत. मग विचारलं,

"तुला तेव्हा आत येऊ द्यायला हवं होतं का रे?"

"छे, अण्णा. तुम्ही केलंत ते बरोबरच होतं," मी म्हणालो. ते खोटं होतं हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी लगेच विषय बदलला. आता गाडी चांगली झालीये तर विकून टाक, म्हणाले, आणि एखादी नवी घे. इंजिनिअर माणसाला एवढी जुनी गाडी शोभत नाही. बघतो, म्हणालो.

गाडी विकली नाही. परवा शेजारच्या बाईंनी कुंपणावरून हाक मारली. त्यांचं गवत कापायचं मशीन सुरू होत नव्हतं. मी गेलो. त्यांनी मला टॉर्च धरायला दिला.