आजोबा बरकसला आहेत

चारमिनार, बिर्याणी आणि मोत्यांवर लिहिणारे ब्लॉग पोत्याने सापडतील. आमचा जन्म हैदराबादच्या चिक्कडपल्लीत गेला, तरी शहराच्या दक्षिण टोकाच्या बरकसला कधी पाऊल टाकलं नव्हतं. गेल्या महिन्यात बाबांनीच हट्ट धरला.

माझे आजोबा उदगीरकडचे, निजामाच्या फौजेत घोड्यांचे मोतद्दार. ‘मी बरकसला आहे, काळजी करू नका’ असा त्यांचा निरोप गावी आला आणि पाठोपाठ पोलीस ॲक्शन झाली. मग माणूसही नाही, बातमीही नाही. बाबा तेव्हा आजीच्या पोटात होते. आजीने मरेपर्यंत कुंकू लावलं आणि आमच्या घरी आजोबांचं श्राद्ध कधी झालं नाही. आता बाबांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. त्याआधी त्यांना बरकसची चिमूटभर माती देवघरात आणायची होती. त्यासाठी त्यांनी आजीचा रिकामा करंडा पिशवीत घेतला.

जायचं तर सकाळी लवकर निघा. नारायणगुड्याहून रिक्षा मिळते, पण भाडं आधी ठरवा. फलकनुमा ओलांडून चांद्रायणगुट्ट्याकडे गेलात की लुंगी नेसलेले लोक आणि हरीसच्या डेगा दिसू लागतात. हरीस म्हणजे गहू आणि मटण घोटून केलेली लापशी. उशिरा गेलात तर तळ खरवडलेली डेगच बघायला मिळेल. बाबांनी नुसता चहा घेतला, तोही अर्धा टाकला.

चहाच्या टपरीवर सालेहचाचा भेटले. बाबांच्याच वयाचे, त्यांचे आजोबा येमेनहून आलेले. तिथल्या हद्रमौत प्रांतातल्या अरब शिपायांसाठी निजामाने इथे बराकी बांधल्या आणि ‘बॅरॅक्स’चं बरकस झालं, हे त्यांनीच सांगितलं. फौज मोडली, शिपाई इथेच राहिले आणि बराकीच्या जागी घरं चढत गेली. एका गल्लीत त्यांनी जुनी भिंत दाखवली. दगड-चुन्याची, हातभर जाड, कमान विटांनी बुजवलेली आणि वर हवेसाठी एक झरोका. त्यावर आता तीन मजले आणि एसीचे डबे. एवढी जाड भिंत मला तुरुंगाचीच वाटली.

बाबा खाली वाकले, करंडा उघडला. चाचांनी कशासाठी म्हणून विचारलं, तेव्हा मी सगळी हकीकत सांगितली.

“यहाँ सिरफ अरबां रहते थे, भाई,” चाचा हळूच म्हणाले. “तुम्हारे वालिद अरब थे क्या?”

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

“तो यहाँ के नक्को समझो. गाँव वाले फौज के हर ठिकाने को बरकसइच बोलते थे.”

म्हणजे औरंगाबाद, जालना, बीदर, कुठलीही छावणी. एका शब्दावर आजीने आयुष्य काढलं होतं. मला त्या शब्दाचा भयंकर राग आला. बाबांनी हाताची माती झटकली आणि करंड्याचं झाकण लावलं. चाचांनी जेवायचा आग्रह केला, पण बाबा रिक्षाकडे चालू लागले.

तुम्ही जरूर जा, भिंत पाडायच्या आत बघून घ्या. आम्ही परत जाणार नाही.

घरी बाबांनी करंडा होता तिथे ठेवला. आई पोळ्या लाटत होती.

“इतकी वर्षं अण्णा बरकसला होते,” बाबा तिला म्हणाले. “आता कुठंच नाहीत. यंदा सर्वपित्रीला त्यांचं पान वाढ.”