अकरावा शब्द

आमच्या घराला कधी पडदे नव्हते. दर गावात खिडक्यांची मापं वेगळी आणि मुक्काम जेमतेम दोन-तीन वर्षांचा. शिवत कोण बसणार? माझे यजमान बास्केटबॉलचे कोच. जळगाव, भिलाई, लुधियाना, कोट्टायम अशी त्यांनी गावं बदलली आणि मी मागोमाग जाऊन खिडक्यांना जुन्या साड्या बांधल्या. हा माणूस असा फिरता आहे हे लग्नाआधी कुणी सांगितलं असतं, तर मी विचार केला असता. खोटं कशाला बोलू, लग्न तरीही केलंच असतं.

नव्या गावाला निघण्याआधी त्यांचा एक नेम असे. तिथल्या भाषेतले दहा शब्द वहीत लिहून पाठ करायचे. पळ, थांब, वर बघ, पुन्हा, लागलं का, उद्या ये, शाब्बास, असले. दहा झाले की वही बंद. "एवढ्यावर भागतं," म्हणायचे. भागायचंही. पोरी त्यांच्यावर जीव टाकायच्या, आणि निघताना स्टेशनवर रडारड मलाच आवरावी लागायची.

बेंगळुरू माझं माहेर. चार पिढ्यांचं कापडाचं दुकान, घरात मराठी आणि गल्ल्यावर कन्नड. तिथल्याच सर्जापूर रोडजवळच्या एका क्लबात मुलींना शिकवायचं काम त्यांना मिळालं तेव्हा मी हरखले. मुली आसपासच्या खेड्यांतल्या, कन्नड बोलणाऱ्या. म्हणजे या वेळी दहा शब्द शिकवायचं काम माझ्याकडे! मी चांगली कडक मास्तरीण झाले. पळायला कोट्टायमसारखंच इथेही 'ओडु' म्हणतात हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला. एक शब्द वाचला ना.

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, दर रविवारी बस बदलत यायचा. "या वेळी राहणार ना गं? स्वल्प समजाव की भावोजींना," म्हणायचा. मी "बघू" म्हणून चहा ठेवायला उठायचे.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये गुवाहाटीहून फोन आला. मोठा संघ, मोठं काम. "विचार करून सांगतो," हे म्हणाले. हे वाक्य मला पाठ आहे. त्यानंतर माळ्यावरची ट्रंक खाली येते. मी कुकर ओट्यावर आपटला.

"अहो, मला नाही जायचं," मी सरळ सांगितलं. "गुडघे दुखतात वगैरे कारणं देत नाही. मला इथे राहायचंय. माझ्या माणसांत."

हे शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर निघून गेले. मग मी बोलणंच टाकलं. दोन दिवस चहाचा कप नुसता समोर ठेवायचा आणि वळायचं. रागापेक्षा भीती जास्त होती, पण भीती दाखवण्यापेक्षा राग बरा.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे वही घेऊन स्वयंपाकघरात आले. झालं, आता आसामीचे दहा शब्द.

"'पुढच्या वर्षी'ला कन्नडात काय म्हणतात गं?"

"कशाला हवंय?"

"एक बुटकी पोरगी आहे. टीममध्ये घेतलं नाही म्हणून रडून घर डोक्यावर घेतलंय. तिला सांगायचंय, पुढच्या वर्षी मी तुला खेळवणार."

"मुंदिन वर्ष," मी म्हटलं.

त्यांनी शाब्बासच्या खाली अकरावा आकडा घातला आणि पुटपुटत तो शब्द लिहिला. एवढ्या गावांच्या वह्या मी ट्रंकेत भरल्या, पण हा शब्द एकाही वहीत नव्हता. मी उगाच नळ सोडून भांडी विसळू लागले.

"आणि गुवाहाटी?"

"त्यांना परवाच नाही म्हणून कळवलं."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू बोलत होतीस का?"

मी ओल्या हातांनीच अण्णाला फोन लावला. रविवारी येताना दुकानातून पडद्याचं कापड आण म्हटलं.

"सरी, बरं, आणतो. किती खिडक्यांचं?"

"सगळ्या," मी म्हणाले.