मास्तरांच्या दिव्याखालचं पाणी

पोस्टकार्डाच्या माथ्यावर ‘श्री’ नव्हता. कोणीतरी गेलं हे कार्ड हातात घेतानाच कळलं. कोण, ते दुसऱ्या ओळीत कळलं. चिंचणीचे आमचे चुरी मास्तर गेले. अक्षर काकूंचं, मास्तरांच्या पत्नीचं होतं, मजकूर जेमतेम तीन ओळींचा. माझ्या टेबलावर त्या दिवशीचे पाण्याचे नमुने ओळीनं मांडलेले होते. ते बघता बघता दुःखाच्या आधी मनात दुसरंच काही आलं. मास्तर आता मला कधीच विचारणार नाहीत... आणि क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज गेला दीड महिना बाळगतो आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

माझे वडील मूळचे एडवणचे. चिंचणीला एका बागायतदाराच्या वाडीत नारळ उतरवायला म्हणून आले आणि तिथंच राहिले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं. मी सातवी झालो तेव्हा शाळेतले विज्ञानाचे मास्तर, धोतर आणि काळी टोपी, उन्हातून चालत आमच्या झोपडीपाशी आले. वडील म्हणाले, “मास्तर, यो शिकला तं झाडावर चढंल कोन?” मास्तर ओट्यावर टेकून म्हणाले, “चढेल की. झाड दुसरं असेल, एवढंच.” वडील हसले, आणि माझं शिक्षण त्या हसण्यात ठरलं. पुढं फीमाफी, मुंबईतलं वसतिगृह, बी.एस्सी.चा अर्ज, सगळीकडे मास्तरांचं पत्र माझ्या आधी पोचलेलं असे. मी पदवी घेऊन आलो तेव्हा त्यांनी पेढा अर्धा मोडला आणि अर्धा मला दिला. “आता मी तुला विचारायचं आणि तू मला सांगायचं,” म्हणाले.

चौसष्टच्या सुमारास तारापूरला वीज केंद्राच्या बांधकामामुळं परिसरात नव्या वसाहती उठत होत्या. सांगली-साताऱ्याकडची कुटुंबं आली, बोईसरच्या बाजारात हिंदी ऐकू येऊ लागली. अशाच एका वसाहतीच्या पाणीपुरवठ्यात मला नोकरी लागली. पाण्यात क्लोरीन सोडायचा, महिन्याला नमुने घ्यायचे आणि त्यांत जंतू वाढतात का ते काचेच्या नळ्यांत बघायचं, हे माझं काम. आजूबाजूच्या गावांतल्या विहिरीही आमच्याकडे आल्या. चिंचणीच्या कोळीवाड्याजवळच्या विहिरीत आम्ही ब्लीचिंग पावडर टाकली. त्या विहिरीत डासांच्या अळ्या खायला मासे सोडलेले असत, आणि मासे फिरताहेत तोवर पाणी चांगलं, असा तिथला जुना हिशेब. आमच्या माणसानं पावडर जास्त टाकली. सकाळी मासे पोट वर करून तरंगत होते.

“मासं मेलं त्या पान्यात, आन् ते आमी प्यायचं हाय काय?” लक्ष्मी नावाची एक बाई मला म्हणाली. “तू पी आदी, सायबा. आमी बगतो.” मी घोटभर प्यायलो. वास खरंच उग्र होता. बाया हसल्या, हंडे उचलले आणि तळ्याकडं गेल्या. तळं त्याहून वाईट होतं, पण त्याला वास नव्हता.

हे मास्तरांना लागलं. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की अतिनील प्रकाशानं पाण्यातले जंतू मरतात. पाण्यात काही घालावं लागत नाही, चव बदलत नाही, मासाही मरत नाही. मुंबईच्या एका इस्पितळात काम करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याकडून त्यांनी तसल्या दिव्याची काढून टाकलेली नळी मिळवली. शाळेत वीज येऊन वर्षच झालं होतं. तांबटाकडून त्यांनी एक उथळ पन्हळ करून घेतलं. टाकीतलं पाणी त्यातून पातळ थरानं वाहायचं, वर ती निळसर नळी, तिच्यावर झाकण, आणि टोकाला पितळी नळ. झाकण बसवण्याआधी त्यांनी नळीकडं फार वेळ पाहिलं होतं. दोन दिवस डोळे लाल. काकू म्हणाल्या, “या वयात डोळे फोडून घ्या.” मास्तर म्हणाले, “जंतूंनाही असंच होत असणार.”

मग त्यांनी मला बोलावलं. “जना, तू तपास. तुझे साहेब मानतील, गाव मानेल. चांगला निघाला तर कोळीवाड्यालाही असाच बसवू म्हणून अर्ज करतो.” त्या पत्र्याच्या पन्हळापुढं ते परीक्षेला बसलेल्या मुलासारखे उभे होते.

नमुना घ्यायची रीत अशी. आधी नळाचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं जाळून घ्यायचं, मग पाणी थोडं वाहू द्यायचं, मग बाटली धरायची. मी हे शिकलो होतो आणि नोकरीत सोडूनही दिलं होतं. वसाहतीच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक राही, तो नळाच्या तोंडाशीही आपलं काम करी. जाळा, न जाळा, नमुना चांगलाच यायचा. दिव्याचं पाणी तसं नव्हतं. दिवा पाण्यात मागं काही ठेवत नाही. दिव्याखालून निघालेलं पाणी पुढं जिथं लागेल तिथले जंतू उचलतं. आणि शाळेच्या नळाला पाणी भरणाऱ्या धर्मीबाईनं आपल्याकडच्या सगळ्या नळांना असतं तसं एक ओलं फडकं बांधलं होतं, कचरा येऊ नये म्हणून. मी त्या फडक्यातूनच बाटली भरली.

दोन दिवसांनी तपासणीच्या पाचही नळ्यांत वायूचे बुडबुडे दिसले, म्हणजे पाण्यात जंतू होते. साहेब म्हणाले, “तुमच्या मास्तरांचा दिवा विझला म्हणायचं.” सगळे हसले. मीही हसलो. पिशवी आवरताना स्पिरिटची बाटली हाताला लागली. तिचं बूच उघडलेलंच नव्हतं. मग फडकं आठवलं...

पुन्हा नमुना घ्यायला सायकलवर अर्धा तास लागला असता. पण का घेतला, हे सांगावं लागलं असतं. म्हणजे आजवरचे माझे सगळे नमुने असेच घेतले होते, हेही. त्याच आठवड्यात मला नोकरीत कायम करायचा शेरा लिहिला जाणार होता. मी साहेबांची सही झालेला कागद घेऊन शाळेत गेलो.

मास्तरांनी तो उभ्यानं वाचला. “पाचही?”

“पाचही.”

“नमुना तू स्वतः घेतलास?”

“हो, मास्तर.”

“मग झालं.” त्यांनी बटण बंद केलं. कागदाची घडी घालत म्हणाले, “पाण्यात काही न घालता ते शुद्ध होतं, ही कल्पना मला फार आवडली होती रे. पण आवड वेगळी, पुरावा वेगळा.”

त्या पावसाळ्यात कोळीवाड्यात जुलाबांची साथ आली. शाळेतल्या एका दिव्यानं ती टळली असती असं मी म्हणत नाही. नळी जुनी होती, पावसाचं पाणी गढूळ असतं, गढुळातून तो प्रकाश नीट जात नाही. शिवाय हंड्यात भरून ठेवलेलं पाणी पुन्हा बिघडतंच. तिथं क्लोरीनच बरा, असं मी आजही म्हणेन. मास्तरांचा दिवा खरोखर चालत होता की नाही, हे मला ठाऊक नाही. कोणालाच नाही. ते कळायची एकच वेळ होती, आणि ती मी घालवली. पुढं माझी बदली झाली. सुट्टीत भेटायला जायचो तेव्हा मास्तर विचारायचे, “काय जना, पाणी कसं आहे तुमच्याकडचं?” त्या प्रश्नात काही दडलेलं आहे, असं मला दरवेळी वाटे. ते नव्हतं. त्यांना खरंच पाण्याविषयीच विचारायचं असे.

तेराव्यानंतर शाळेत शोकसभा झाली. मी फीमाफीवर बोललो, वसतिगृहावर बोललो, अर्ध्या पेढ्यावर बोललो. पुष्कळांचे डोळे भरून आले. सभा संपल्यावर विज्ञानाचे नवे शिक्षक मला प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि कपाटातून एक लाकडी पेटी काढली. आत कापसात ठेवलेली ती नळी.

“दर जूनमध्ये अकरावीच्या पहिल्या तासाला मास्तर ही दाखवायचे,” ते म्हणाले. “निवृत्त झाल्यावरही यायचे. सांगायचे, हा माझा फसलेला प्रयोग. आपली लाडकी कल्पना खोटी ठरली तर ती लपवू नये, अशी जपून ठेवावी. आणि ती खोटी ठरवली माझ्याच विद्यार्थ्यानं, माझी भीड न धरता... तुमचं उदाहरण द्यायचे, साहेब. तुमच्यासारखं व्हा म्हणायचे.”

मी तेव्हाही बोललो नाही. काकूंनी घरी नेऊन पाणी दिलं, ते प्यायलो आणि गाडी गाठली.

पेटीच्या झाकणाला आतून मास्तरांच्या हातची चिठ्ठी डकवलेली आहे. ‘अयशस्वी प्रयोग’ ही पहिली ओळ आता फिकी पडली आहे. खाली ‘तपासणी : माझा विद्यार्थी जनार्दन’. ती ओळ मात्र ठळक आहे. फिकी झाली की ते पुन्हा शाईनं गिरवत असावेत. हा लेख पाठवताना मी शाळेलाही एक पत्र टाकतो आहे, झालं ते सगळं लिहून. या जूनमध्ये पेटी काढाल तेव्हा ते मुलांना वाचून दाखवा, आणि चिठ्ठीवरची पहिली ओळ खोडा. दुसरी खोडू नका. माझं नाव तिथं राहू द्या.