बोंडूला आधी मीठ

कुडाळ स्टेशनात उतरलो तर दिगंबर मोटारसायकलला टेकून उभाच होता. कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. आता तो इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान गाळ्यात बोंडूची (काजूबी ज्याच्या टोकाला लोंबते त्या रसाळ फळाची) वाइन करतो.

"लेख वाचलंस?" त्याने पहिले हेच विचारले.

वाचले होते. त्याच्या वाइनला मुंबईच्या समीक्षकाने शंभरात नव्वद गुण दिले होते, पुण्याच्याने बहात्तर. गाळ्यात टाकीला हात लावून दिगंबर म्हणाला, "उद्या सकाळी बाटल्यो भरूच्या आसत. पुण्याचो म्हणता गळ्यात धरता, साखर घाल. मुंबयचो म्हणता अशीच ठेव. एकदा घातलेली साखर मगे काढूची कशी? वर्षाचो माल आसा ह्यो."

"सरासरी काढू," मी म्हणालो.

"म्हणजे अर्धी साखर? मगे दोघांच्यो शिव्या खाऊक होयो!"

मला हसता आले नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला. बार्शीच्या शाळेतल्या शिक्षकांनी दिलेल्या गुणांनीच मला पुढची वाट दाखवली. वडील शाळेत गेले नव्हते, पण निकालाच्या दिवशी "किती मार्क?" एवढे न चुकता विचारायचे. गुण देणाऱ्यावर शंका घ्यायची, हे मला जमतच नव्हते.

कट्टा या दिगंबरच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी काजूच्या बागा होत्या. पिकल्या बोंडूंचा गोड, किंचित आंबूस वास गावापर्यंत सोबत आला. अंगणात दिगंबरच्या आईने लालबुंद फोडी पुढे ठेवल्या. भूक लागली होती. मी एक उचलून तोंडात टाकली आणि क्षणात घसा आवळून आला. ठसका थांबेना.

"अरे झिला, मीठ खंय? मीठ लावल्याशिवाय बोंडू कोण खाता?"

"ग्रॅज्युएट आसा गो तो आये!" दिगंबर हसत म्हणाला.

"तूय ग्रॅज्युएटच मा! ल्हानपणी मीच मीठ लावन भरवलंय, म्हणान तुझो गळो रवलो."

दुसरी फोड मिठाला लावून खाल्ली. तेच फळ, पण आता गोड लागले. घशाला काही झाले नाही. मी हात पुसून मोबाइलवर दोन्ही लेख पुन्हा काढले. या वेळी गुण सोडून बाकीचे वाचले. पुण्याच्या समीक्षकाने सकाळी, ओळीने मांडलेल्या पेल्यांतून, मध्ये फक्त पाणी पीत चव घेतली होती. त्याचे जुने लेखही चाळले. गोड द्राक्षवाइनला तो नेहमी भरभरून गुण देई. मुंबईच्याने तळलेल्या बांगड्याबरोबर दिगंबरची वाइन प्यायली होती.

"दिगू, दोघांचेही खरे आहे," मी म्हणालो. "एकाने जणू फोड मिठाशिवाय खाल्ली, दुसऱ्याने मीठ लावून. तुझी वाइन घेणारे ती कशाबरोबर घेतात?"

त्याने गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाला, "चल, बस गाडयेर."

मालवणात बंदराजवळ त्याच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाची खानावळ आहे. होड्या नुकत्याच लागल्या होत्या आणि वाळूत मासळीचा लिलाव रंगला होता. खानावळीचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांच्यापुढे दिगंबरने घरून आणलेल्या बाटलीतून दोन पेले भरून ठेवले. एकात साखर घातलेली वाइन होती, दुसऱ्यात तशीच. भाऊंनी बांगड्याचा तुकडा मोडला, आलटून पालटून घोट घेतले आणि साखरेचा पेला बाजूला सारला.

"ही गोड तुझ्या लग्नात दी. बांगड्यावांगडा माका ही व्हयी."

"माझा लग्न झाला, भाऊ."

"मगे व्हयी कित्याक ही?"

दुसऱ्या दिवशी बाटल्या साखरेशिवाय भरल्या गेल्या. लेबलवर दिगंबरने एक ओळ वाढवली: 'तळलेल्या माशाबरोबर घ्यावी.' पुण्याच्या समीक्षकालाही त्याने आभार कळवले. त्याच्यामुळेच ती ओळ सुचली होती.

निघताना काकींनी, म्हणजे दिगंबरच्या आईने, बोंडूची पिशवी दिली. प्रवासात ते थोडे दबले. दिगंबरच्या वाइनला गुण मिळाल्याचे मी जाताना घरी सांगितले होते; परत आल्यावर वडिलांनी पिशवीत डोकावून विचारले, "तुझ्या मित्राला किती मार्क पडले?"

ज्या माणसाच्या या प्रश्नाने मी इथवर आलो, त्याला काय सांगावे? कोणी किती दिले यापेक्षा कशाबरोबर चाखून दिले, हे आता मी आधी पाहीन.

"नव्वद आणि बहात्तर," मी म्हणालो, आणि काकींनी सोबत बांधून दिलेली मिठाची पुडी त्यांच्यापुढे सोडली.